सोनवणे सरांचे ‘हे’

सोनवणे सर नगरसेवकाला ‘अरे’ म्हणतात, बँकेच्या मॅनेजरला ‘अरे’ म्हणतात. एकदा त्यांच्या इमारतीत चौकशीला आलेल्या पोलीस इन्स्पेक्टरलाही ते ‘अरे, बूट बाहेर काढ’ म्हणाले होते. जगात अहो-जाहो ते फक्त लॅपटॉपला करतात. ‘हे आत्ताच उठलेत, दोन मिनिटं थांब.’ ‘यांना उन्हात ठेवू नकोस.’ मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा काकूंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, ‘आत ह्यांना तपासतायत.’ मला वाटलं घरात कुणी आजारी आहे. मी चपला हळूच काढल्या, चेहरा लांब केला आणि दबकत आत गेलो. आत सर एका उघड्या लॅपटॉपच्या पोटातली धूळ दाढीच्या ब्रशने झाडत होते.

काकूंचं म्हणणं असं की लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या नवऱ्याला ‘हे’ म्हणतात आणि नवरा लॅपटॉपला. त्यामुळे ‘हे जेवले का’ असं कुणी विचारलं तर कुणाबद्दल विचारलं ते आधी ठरवावं लागतं.

मी संजय. कल्याणच्या एका वाचनालयात दिवसभर पुस्तकं देतो-घेतो आणि उरलेल्या वेळात ढोलकी वाजवतो. विठ्ठलवाडीला आमची छोटीशी गायन पार्टी आहे. अण्णा गातात, त्यांची पुतणी सुषमा कीबोर्ड वाजवते, मागे कोरसला दोघी बहिणी आहेत. एप्रिलमध्ये जयंती आली की आमचा सीझन सुरू होतो आणि बुद्धपौर्णिमा होऊन गेली तरी आठवडाभर चालतो. मी आज स्टेजवर बसतोय तो सोनवणे सरांमुळे, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. उपकार शेवटपर्यंत पोटात ठेवणं मला जमत नाही.

झालं असं, की फेब्रुवारीत सुषमाच्या कीबोर्डचा आवाज गेला. पट्ट्या शाबूत, दिवे लागतायत, पण आवाज नाही. दुरुस्तीवाल्याने हात वर केले. नवीन घेण्याची अण्णांची तयारी नव्हती. सुषमाच्या ऑफिसने मोडीत काढलेला एक लॅपटॉप तिच्याकडे होता, तो सुरू करून आपण चहा करून प्यायलो तरी तो सुरूच होत असायचा. तिला कुणीतरी सांगितलं की आयटीआयमधून रिटायर झालेले एक सोनवणे सर आहेत, ते असल्या लॅपटॉपवर लिनक्स घालून त्याचं वाद्य करून देतात, आणि कुणाकडून काही घेत नाहीत. चहा पाजलात तर साखर मात्र मोजून सांगतात.

सरांनी लॅपटॉप हातात घेतला, उलटा केला, कानाशी नेला आणि सुषमाला म्हणाले, ‘यांच्या डोक्यात नको ती माणसं राहतायत. आधी त्यांना बाहेर काढू.’ तीन दिवस ते लॅपटॉप रिकामा करत होते. आपोआप होणारे अपडेट गेले, झोपायला जाणारा स्क्रीन गेला, टुणकन वाजणाऱ्या सूचना गेल्या. एवढ्यावर समाधान झालं नाही म्हणून त्यांनी वाय-फायचं कार्डच स्क्रू काढून बाहेर घेतलं आणि काकूंच्या बटणांच्या डबीत ठेवून दिलं. सीझन संपल्यावर परत मिळेल म्हणाले. काकू पौर्णिमेला उपोसथ धरतात, म्हणजे एक दिवसाचा उपवास. लॅपटॉपचं उपोसथ दोन महिन्यांचं होतं.

लिनक्सच का, असं मी एकदा विचारलं. वाचनालयात काम करतो म्हणजे मला सगळं समजतं असा सरांचा गैरसमज आहे, त्यामुळे त्यांनी मला तासभर समजावलं. त्यातलं मला कळलं ते इतकंच. साध्या लॅपटॉपमध्ये सगळी कामं रांगेत उभी असतात आणि आवाजही त्याच रांगेत उभा असतो. सुषमाने पट्टी दाबली आणि पुढे कुणी खोळंबून बसलं असेल तर आवाज उशिरा येतो, नाहीतर ‘कट्’ करून तुटतो. सरांच्या लॅपटॉपमध्ये आवाज आला की बाकीच्यांनी बाजूला व्हायचं, ॲम्ब्युलन्सला वाट देतात तसं. ‘आधी आवाज, मग बाकीचे,’ हे त्यांचं वाक्य. हे वाक्य ते घरातही वापरतात. सुषमा वाजवत असली आणि काकूंनी जेवायला हाक मारली की सर आतूनच ‘आधी आवाज, मग बाकीचे’ म्हणतात आणि काकू निमूटपणे गॅस बंद करतात.

मग चाचण्या सुरू झाल्या. जुना कीबोर्ड वायरने लॅपटॉपला जोडायचा, पट्टी इकडे दाबायची आणि सूर लॅपटॉपमधून निघायचा. स्क्रीनवर हिरव्या रेषांनी सगळी जोडणी दिसायची, कोणती वायर कुठून कुठे जाते ते. सुषमा पट्टी दाबायची आणि सर डोळे मिटून ‘उशीर’ म्हणायचे. आम्हाला काहीसुद्धा ऐकू येत नव्हतं. सर पुन्हा काहीतरी टाइप करायचे, पुन्हा ‘उशीर’. चौथ्या दिवशी ‘आले वेळेवर’ म्हणाले तेव्हा आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या, फरक न कळताच.

एवढ्याने सुटका नव्हती. स्टेजवर हॅलोजनचा उकाडा असतो म्हणून लॅपटॉपला भर दुपारी पत्र्याच्या शेडखाली तीन तास वाजवायला लावलं. सुषमा घामाने निथळत होती, सर लॅपटॉपला वारा घालत होते. मंडपात एकाच बोर्डावर दहा वायरी असतात म्हणून काकूंना त्याच बोर्डावर मिक्सर लावून चटणी वाटायला सांगितली. स्पीकरमधून घुं करत आवाज आला तसे सर आनंदाने ओरडले, ‘सापडलं!’ चार्जरमधला दोष होता. तो सुटेपर्यंत काकूंनी पाच वेळा चटणी वाटली आणि आम्ही आठवडाभर ती खाल्ली. ज्या खाचेत कीबोर्डची वायर जाते तिच्याभोवती त्यांनी लाल नेलपॉलिश लावलं आणि बाकीच्या खाचा टेपने बुजवल्या. माणसाला स्टेजवर घाबरल्यावर डावं-उजवं कळत नाही, लाल कळतं, हा त्यांचा अनुभव.

आवाज किती वेळा तुटला त्याचा आकडा लॅपटॉप ठेवतो. आमचा पहिला कार्यक्रम झाला, लोकांनी वन्समोअर घेतले, अण्णांना शाल मिळाली. दुसऱ्या दिवशी आम्ही उत्साहाने सांगायला गेलो तर सरांनी एवढंच विचारलं, ‘किती?’ सुषमा म्हणाली, शून्य. सरांनी वहीत शून्य लिहिलं, त्याखाली रेघ ओढली आणि मग कुठे शाल कसली होती ते विचारलं.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. घोळ झाला तो अण्णांच्या डोक्यात. अण्णा मनाने वाईट नाहीत, पण गाडीत माणसं आणि सामान मावत नाही हे त्यांचं कायमचं दुखणं आहे. डोंबिवलीच्या एका पार्टीने लॅपटॉपमधूनच ढोलकी वाजवलेली त्यांनी ऐकली आणि एके संध्याकाळी आम्हा दोघांना घेऊन ते सरांकडे आले. माझ्यासमोरच म्हणाले, ‘सर, एवढं केलंच आहे तर ढोलकी पण टाका ना ह्याच्यात. संज्या, राग नको मानू रे. गाडीत तुझ्या जागी स्पीकरचे दोन बॉक्स बसतात.’

मी राग मानला नाही. वाचनालयात मी दिवसभर लोकांना ‘शांतता राखा’ म्हणतो. आठवड्यातून एकदा ढोलकी मांडीवर घेतो तेव्हाच मी कुणीतरी असतो. ती जागा गेली असती तर मी घरी नुसता कपाटावरच्या ढोलकीकडे बघत बसलो असतो.

सरांनी लॅपटॉपचं झाकण हळूच मिटलं आणि म्हणाले, ‘यांच्या अंगात तेवढी ताकद नाही, अण्णा.’

अण्णांनी पौर्णिमेच्या कार्यक्रमापर्यंत मुदत दिली. सरांना जमत नसेल तर डोंबिवलीचा एक ओळखीचा पोरगा पुढच्या आठवड्यात येऊन टाकून देणार होता. जिना उतरताना सुषमा माझ्या कानात म्हणाली की सर चक्क खोटं बोलले, या लॅपटॉपवर दहा ढोलक्या वाजतील. मी थांबलो. सर जगाशी कसेही वागोत, यंत्राबद्दल खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. त्यांनी माझ्यासाठी हे का करावं, हे मला कळेना.

रविवारी सकाळी मी एकटाच त्यांच्याकडे गेलो. आभार मानले आणि म्हणालो, सर, माझ्यासाठी खोटं बोलू नका, टाका ढोलकी. सरांनी समोरचा लॅपटॉप उघडला. मग त्यांनी जे सांगितलं ते स्क्रीनकडे बघत सांगितलं.

तीसेक वर्षांपूर्वी सर आयटीआयमध्ये नवीन लागले होते आणि बाळकुमला दत्तू भोईरच्या चाळीत भाड्याने राहत होते. बाळकुम तेव्हा गाव होतं. दत्तू दिवसा बापाबरोबर मिठागरावर जायचा आणि लग्नसराईत एका बेंजो पार्टीत ढोलकी वाजवायचा. त्यानेच सरांना पार्टीत नेलं. सर बेंजो वाजवायचे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. दोघं शेजारी बसायचे आणि जेवायचे दत्तूच्याच घरी. सरांनी आठ महिने खपून, तारांना सोल्डरिंगचे डाग देऊन देऊन, एक तालाचं मशीन बनवलं. सगळ्यांत आधी दत्तूला दाखवलं. दत्तू खूश झाला, त्याच्याबरोबर वाजवत बसला. पार्टीच्या मालकाने ते ऐकलं आणि शीळफाट्याच्या लग्नाला ढोलकीवाला नको असं ठरवून टाकलं. दत्तूला तसं सांगायचं काम त्याने सरांवर सोपवलं. सरांना ते तोंडावर सांगवलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता लग्नाचा दिवस उजाडला.

‘मी टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी,’ सर म्हणाले. ‘मांडीवर मशीन. दत्तू नाक्यावर उभा होता, पार्टीचा लाल कोट घालून, खांद्याला ढोलकी. त्याने हात केला. मी मान फिरवली, संज्या.’

त्याच महिन्यात त्यांनी खोली सोडली, विठ्ठलवाडीला आले. बेंजो विकला. लोकांना वाद्यं जोडून द्यायला लागले, पण कुणाच्याही लॅपटॉपवर ढोलकी, तबला, काही बसवलं नाही. प्रत्येकाला ‘यांच्या अंगात ताकद नाही’ हेच सांगितलं. एका माणसाच्या पोटावर पाय दिला तेवढा पुरे, असं त्यांचं म्हणणं होतं. मला फार वाईट वाटलं आणि स्वतःची थोडी लाजही वाटली, कारण हे ऐकताना माझी जागा वाचतेय का हा विचारही माझ्या मनात चालू होता.

मी म्हणालो, सर, बाळकुमला जाऊ या. ते म्हणाले, जाऊन काय सांगू? तेवढ्यात काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. दत्तू भोईर धडधाकट आहे, घर तिथेच आहे, ही बातमी त्यांनी त्यांच्या एका बहिणीकडून केव्हाच काढून ठेवली होती.

‘काही सांगू नका,’ त्या म्हणाल्या. ‘नुसतं जाऊन बसा.’

सर कपडे बदलून आले ते लॅपटॉप छातीशी धरून; दोन कार्यक्रमांच्या मधे तो तपासणीला त्यांच्याकडेच असायचा. रविवारी यांना एकटं कसं ठेवायचं, म्हणाले. कल्याणहून भिवंडीमार्गे ठाण्याला जाणारी बस पकडली आणि बाळकुम नाक्यावर उतरलो. सर नाक्याकडे न बघता भराभरा चालायला लागले.

उंच उंच इमारतींच्या मधोमध भोईरांचं घर होतं, पुढे ओटा, ओट्यावर एक जाडजूड म्हातारा सुकट निवडत बसलेला. बोटात अंगठ्या, गळ्यात बोटभर जाड चेन. जमिनीवर कॉम्प्लेक्स उभं राहिलेलं, दोन इमारतींत भाडेकरू. सरांनी ज्याच्या पोटावर पाय दिला असं तीस वर्षं मानलं त्याचं पोट चांगलं शर्टाबाहेर आलेलं होतं. सर फाटकाशीच थांबले. तिथे विजेचा मीटर होता, तो बघायला लागले. वायरिंग चुकीचं आहे म्हणाले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेवटी ओट्यावरूनच आवाज आला.

‘सोनवन्या, मीटर बगायला आयलास का मना बगायला?’

सर ओट्यापाशी गेले. दत्तूकाकांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि नजर छातीशी धरलेल्या लॅपटॉपवर येऊन थांबली. ‘तीस वरसांनी आयलास,’ ते म्हणाले, ‘आन यंत्र घेऊनच आयलास?’

मला हसूही आलं आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असंही झालं. सर काहीतरी बोलायला गेले. पोट, रोजी, मशीन, असे सुटे सुटे शब्द आले. दत्तूकाकांनी हात वर करून थांबवलं.

‘त्या तालाच्या डब्याचा राग नव्हता रं. डबा काय, आज ना उद्या यायचाच. तू मना बगलास न मान फिरवलीस, त्याचा राग होता. दोन वरसा होता. मंग कामाच्या नादान गेला.’ त्यांनी सुकटीची परात बाजूला सरकवली. ‘आता बस. उबा नको राहू.’

सर बसले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. दत्तूकाकांच्या बायकोने पाणी आणलं. मग बराच वेळ कुणाची पोरं कुठे, कुणाचे गुडघे कसे, कोण कोण गेलं, असं बोलणं झालं. सरांनी दत्तूकाकांना ‘अरे’ म्हटलं तेव्हा मला बरं वाटलं. ते त्या दोघांचं जुनं ‘अरे’ होतं. शेवटी दत्तूकाकाच म्हणाले, दाखव काय आणलंस ते.

सरांनी लॅपटॉप उघडला. कीबोर्ड तर सुषमाकडे होता. पण सरांनी लॅपटॉपच्या अक्षरांच्या बटणांवरच सूर बसवलेले होते आणि आवाज लावला होता बेंजोचा. बेंजोलाही टाइपरायटरसारखी बटणंच असतात. केव्हा बसवलं होतं कोण जाणे, आम्हाला तर कधी ऐकवलं नव्हतं. लॅपटॉपच्या बारक्या स्पीकरमधून त्यांच्या पार्टीतल्या एका जुन्या वरातीच्या चालीची पहिली ओळ निघाली, आणि दत्तूकाका उठून आत गेले. मला वाटलं त्यांना सोसलं नाही. ते परत आले ते ढोलकी घेऊन, दोऱ्या आवळतच.

दोघंही चांगले चुकले. सरांची बोटं भलत्याच अक्षरांवर पडत होती, दत्तूकाकांच्या बोटातल्या अंगठ्या मध्येच खणखणत होत्या म्हणून त्यांनी त्या काढून पाण्याच्या पेल्यात टाकल्या. तिसऱ्या खेपेला जमलं. मी वीस वर्षं ढोलकी वाजवतोय, पण शेजारचा माणूस अडखळला तर त्याला लाज वाटणार नाही असा ठेका धरून थांबायचं कसं, ते मी त्या ओट्यावर पाहिलं. सर अडखळले की ढोलकी तिथेच घुटमळायची आणि ते सावरले की पुढे व्हायची. सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

थोड्या वेळाने सरांनी खिशातून मोबाइल काढला आणि अण्णांना फोन लावला. दत्तूकाका वाजवतच होते.

‘अण्णा, परवा मी तुझ्याशी खोटं बोललो,’ सर म्हणाले. ‘यांना ढोलकी येते. पण मी ती बसवणार नाही, आणि दुसऱ्या कुणी बसवली तर मी यांना पुन्हा हात लावणार नाही. एका माणसाला मी एकदा नाक्यावर उभं ठेवलंय. दुसऱ्यांदा नाही ठेवणार.’

मग अण्णांनी विचारलं, मागे कोण वाजवतंय? सर म्हणाले, ‘माणूस वाजवतोय.’ अण्णा शेवटी गाणारे आहेत, त्यांनी फोन ठेवला नाही, ऐकत राहिले. नंतर म्हणाले, एक बॉक्स कमी नेऊ, संज्याला सांगा शनिवारी साडेचारला तयार राहा.

मला सरांच्या पाया पडायचं होतं. त्यांना ते चालत नाही, म्हणून मी दत्तूकाकांच्या पडलो. त्यांनी ढोलकी माझ्या मांडीवर ठेवली आणि माझं थोडं ऐकून डावा हात ढिला सोड म्हणून सांगितलं. मग जेवायला बसवलं. आग्रह असा की सरांनी साखर सांगायचीसुद्धा सोडून दिली आणि समोर आलेला चहा मुकाट्याने प्यायले.

उन्हं कलल्यावर परतीची बस मिळाली. खिडकीशी सर, शेजारी मी. कशेळीचा पूल ओलांडला तेव्हा माझं लक्ष त्यांच्या मांडीकडे गेलं. दोन्ही हात मांडीवर मोकळे होते.

‘सर,’ मी म्हणालो, ‘लॅपटॉप?’

मी कंडक्टरला हाक मारायला उठलो तर सरांनी माझं मनगट धरून मला खाली बसवलं. ते खिडकीबाहेरच बघत होते.

‘राहू दे त्यांना तिथेच,’ ते म्हणाले. ‘उद्या परत यायला मिळेल.’